दीड तास फक्त!

तिकिटावर मुंबई-नागपूर अंतर दीड तासाचं आहे. घरच्या दारापासून मोजलं तर? आणि रात्री पावणेअकराला मोजलं तर?

नागपूर सोडून मुंबईला नोकरीला आलेला प्रत्येक जण घरी एक वाक्य बोलून आलेला असतो. 'टेन्शन कशाला घेता? दीड तास तर आहे विमानाने!' मीही बोलले होते. घराच्या फाटकात, ऑटोत बॅग ठेवताना. आई डोळे पुसत होती आणि बाबा ऑटोवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत होते. तेवढ्यात मी माझं वाक्य टाकलं. आईला पटलं. बाबांनी फक्त 'हौ' म्हटलं. नागपुरी माणसाच्या 'हौ'चे किमान दहा अर्थ होतात, त्यातला हा कुठला ते मला कळायला सहा वर्षं लागली.

त्या सहा वर्षांत हे वाक्य मी ऑफिसात बॉसला, फ्लॅटमेटला, 'किती लांब आहे गं तुझं गाव!' म्हणणाऱ्या प्रत्येक मुंबईकराला ऐकवलं. आमच्या ग्रुपमध्ये विरार आणि कर्जतवाले आहेत, त्यांना तर मुद्दाम. 'तू कर्जतला पोचशील तोवर मी नागपूरला जेवायला बसलेली असेन!' सगळे हसायचे. मलाही ते खरंच वाटायचं.

विमान आधी उलट जातं

आता जरा हिशेब करू. मुंबई ते नागपूर सरळ रेषेत अंतर आहे साधारण ६८५ किलोमीटर. जेट विमान वर गेलं की ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडतं. म्हणजे शाळेतल्या गणिताप्रमाणे ५० मिनिटांत नागपूर यायला हवं. मग तिकिटावर दीड तास का?

कारण तिकिटावरची वेळ उडण्याची नसतेच. विमान मुंबईच्या गेटवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि नागपुरात पार्किंगला उभं राहिलं की थांबतं. मधलं सगळं त्यात आलं. मुंबईच्या सांताक्रूझ-सहारच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. थोडक्यात काय, एका सिंगल लेनवर अख्ख्या मुंबईचं ट्रॅफिक! आपलं विमान रांगेत सहावं, पुढे पाच शेपट्या, आणि कॅप्टन गोड आवाजात सांगतो की अजून थोडा वेळ लागेल.

पुढची गंमत ऐका. नागपूर मुंबईच्या पूर्वेला. पण विमानं बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून उडतात, कारण वारा समुद्रावरून येतो आणि विमानाला समोरचा वारा लागतो. म्हणजे नागपूरला जायला निघालेले आपण आधी जुहूवरून समुद्रावर जातो, मग तिथून वळण घेऊन शहर ओलांडून पूर्वेला लागतो. बोरिवलीला जायचं आणि आधी चर्चगेटला जाऊन यायचं, तसंच.

वरचा वाराही खेळ करतो. हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेकडून वारे वाहतात. जाताना ते पाठ थोपटतात, येताना तोंडावर येतात. पावसाळ्यात उंचावर चित्र उलटं होतं, वारे पूर्वेकडून येतात. म्हणून तीच फ्लाइट कधी दहा मिनिटं आधी पोचते, कधी उशिरा. एअरलाइन्स हे सगळं धरून वेळापत्रकात थोडी हवा भरून ठेवतात. त्यात भर म्हणजे १५ मिनिटांपर्यंतचा उशीर आपल्याकडे उशीर म्हणून मोजलाच जात नाही. तो 'ऑन टाइम'च!

शुक्रवार संध्याकाळ, बीकेसी

एका शुक्रवारी मी घड्याळ लावून बसले. खरंच, मोबाइलमध्ये प्रत्येक टप्पा लिहून काढला.

४.०० ला डेस्क सोडलं. बॉसने 'हाफ डे का?' असा लुक दिला. बीकेसीहून नवी मेट्रो पकडली. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू आहे आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनल्सना तिची स्टेशनं आहेत. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर कॅबमध्ये बसून नखं खाण्याचे दिवस संपले! ४.३५ ला मी टर्मिनलवर. बॅग दिली, सिक्युरिटीची रांग, लॅपटॉप बाहेर, बेल्ट बाहेर. ५.१५ ला गेटपाशी. विमान ६.१० चं. मधल्या वेळात एका कॉफीत नागपुरात चौघांचे तर्री पोहे झाले असते. ६.१० ला विमान हललं, ६.३५ ला जमीन सोडली. ७.३५ ला नागपूरच्या सोनेगावात चाकं टेकली. बॅग येऊन बाहेर पडायला ८.००. वर्धा रोडवरून धरमपेठेत घरी, ८.३०.

एकूण साडेचार तास. आणि हे सगळं सुरळीत झालं त्या दिवशी. त्यातले हवेत किती? एक तास. उरलेले साडेतीन तास आपण चालतो, रांगेत उभे राहतो किंवा बसून राहतो.

आता ६८५ ला साडेचारने भागा. ताशी १५० किलोमीटर येतात. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची परवानगी आहे. म्हणजे एवढं विमान, एवढं इंधन, एवढी सिक्युरिटी, आणि आपण कारपेक्षा पुढे किती, तर ताशी ३० किलोमीटर. हे उत्तर पाहून मी पुन्हा गणित केलं. तेच आलं.

मग जायचं कसं?

*विमान:* हवेत तास, तिकिटावर दीड, दारापासून दारापर्यंत साडेचार ते सहा. बॅग चेक-इनला द्यायची नसेल तर अर्धा तास वाचतो. संत्रा बर्फी हँडबॅगमध्ये आरामात बसते.

*दुरांतो:* सीएसएमटीहून रात्री आठनंतर निघते, सकाळी सात-साडेसातच्या सुमारास नागपूर. रेल्वेने अंतर ८३७ किलोमीटर. वेळ साधारण ११ तास, पण त्यातले आठ तुम्ही झोपलेले असता. ऑफिसही बुडत नाही, सुट्टीही जात नाही. आमच्यासारख्यांची खरी लाइफलाइन हीच. फक्त तिकीट वेळेवर काढावं लागतं आणि ते आपण काढत नाही.

*समृद्धी:* नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर, दहा जिल्ह्यांतून. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला. जाहिरातीतले आठ तास शक्य आहेत, पण ते आमण्यापर्यंतचे. पुढे ठाणे आहे, मुलुंड आहे, आणि तिथे १२० ची पाटी कुणी लावलेली नाही. शिवाय रस्ता इतका सरळ की डोळे उघडे राहून मेंदू झोपतो. याला 'हायवे हिप्नोसिस' म्हणतात. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर रात्री बस पेटून २५ जण गेले. रात्री एकट्याने ड्रायव्हिंग? नकोच.

उजवी खिडकी मागा

विमानाने दिवसा जात असाल तर एक फुकटचा सल्ला: जाताना उजवीकडची खिडकी मागा. हवा स्वच्छ असली आणि विमान सरळ वाटेने गेलं तर सह्याद्री संपल्यावर थोड्या वेळाने पैठणच्या जायकवाडीचं पाणी चमकताना दिसतं. त्यानंतर नजर लावून बसलात तर लोणार, ते उल्कापाताने झालेलं विवर. वरून ते एखाद्या हिरव्या बटणाएवढं दिसतं. मला दोनदा दिसलं आहे. बाकी वेळा ढग होते किंवा मी झोपले होते.

आणखी एक. नागपूर मुंबईच्या सहा अंश पूर्वेला आहे. त्यामुळे सूर्याला नागपूरहून मुंबईला यायला जवळजवळ २५ मिनिटं लागतात. आईचा 'उठलीस का?' हा फोन माझ्या अंधारात का येतो, त्याचं हे भौगोलिक कारण. तिच्याकडे उजाडलेलं असतं!

पावणेअकराचा फोन

२०२५ च्या नोव्हेंबरात आईचा फोन उजाडायच्या वेळी आला नाही. रात्री पावणेअकराला आला. ती एरवी दहाला झोपते.

'बाबांच्या छातीत दुखून राहिलं. शेजारचे काका गाडी काढून राहिले. आम्ही दवाखान्यात चाललो. तू किती वेळात येशील?'

मी तोंड उघडलं आणि 'दीड तास' हे शब्द ओठांवर येऊन थांबले.

लॅपटॉप उघडला. त्या दिवशीचं शेवटचं विमान गेलेलं. दुरांतो कधीच निघून गेलेली, त्या क्षणी ती नाशिकच्या आसपास असावी. दुसऱ्या रात्रगाड्याही गेल्या होत्या. पहिलं विमान सकाळी सहानंतरचं. मग कार? कॅबवाल्याला फोन लावला, तो तयार होता. कागदावर लिहिलं: सव्वाअकराला निघायचं, आमण्यापर्यंत दीड तास, पुढे ७०१ किलोमीटर, चहाला थांबणं. साडेआठला नागपूर. विमानाने? सवाआठ-साडेआठ. म्हणजे रात्रभर धावले काय किंवा खुर्चीत बसून राहिले काय, पोचणार एकाच वेळी.

माहीत आहे, शहाण्याने काय करायला हवं ते उघड आहे. पण त्या वेळी बसून राहणं फार अवघड असतं. गाडीत बसलं की निदान आपण निघालो आहोत असं वाटतं. चाकं फिरत असतात. मी कॅबवाल्याला हो म्हटलं होतं. तेवढ्यात शेजारच्या काकांचा दवाखान्यातून फोन आला. 'डॉक्टर आत नेऊन राहिले त्यांना, अँजिओप्लास्टी करायची म्हणतात. आई आहे, मी आहे, काकू आहे. तू रात्री गाडीनं येशील नको बाप्पा. आम्हाला एकाच माणसाची काळजी पुरे.'

मी सकाळचं विमान बुक केलं. घरात बसवेना म्हणून दोन वाजताच विमानतळावर गेले.

एक वाजताचं विमान

रात्री तीनच्या विमानतळाचं वर्णन करायला नको. दिवे तेवढेच लख्ख, माणसं निम्मी. कुणी बॅगेवर डोकं टेकून झोपलेलं, कुणी चार्जिंग पॉइंटशेजारी मांडी घालून बसलेलं. मला एकच गोष्ट आठवत होती, ती बाबांची आवडती.

बाबा पोस्टातून रिटायर झाले. त्यांच्या आधीच्या पिढीतले लोक त्यांना सांगायचे ते 'नाइट एअर मेल'बद्दल. १९४९ साली ही सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही शहरांतून रात्री डाकोटा विमानं टपालाच्या थैल्या घेऊन निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र यायची. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून. तिथे दिव्यांच्या उजेडात थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईची थैली दिल्लीच्या विमानात, मद्रासची कलकत्त्याच्या. मग चारही विमानं आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. त्या विमानांत काही प्रवासीही असायचे.

लहानपणी मी ही गोष्ट जेवताना शंभर वेळा ऐकली आणि शंभर वेळा कंटाळले. त्या रात्री गेटसमोर बसून मला ती पहिल्यांदा नीट कळली. डाकोटाचा वेग आजच्या जेटच्या निम्माही नव्हता. पण ते विमान रात्री उडायचं. माझं जेट ताशी आठशेने उडणारं, आणि ते सकाळी सहापर्यंत दाराला कुलूप लावून उभं. १९४९ सालचं पोस्टकार्ड माझ्या आधी नागपूरला पोचलं असतं!

वेग आपण नेहमी ताशी किलोमीटरमध्ये मोजतो. पण रात्री पावणेअकराला पुढचं विमान कधी, हेच खरं अंतर असतं. दिवसा नागपूर साडेचार तासांवर असतं. शेवटची फ्लाइट गेली की तेच नागपूर एका रात्रीएवढं लांब जातं. त्याच जागी राहून!

एक वाजून दहा मिनिटांनी आईचा मेसेज आला होता. 'झालं. ठीक आहे म्हणतात.' तो मी सकाळपर्यंत किती वेळा उघडून वाचला ते सांगत नाही.

पोचले

विमान सहा वाजून पाच मिनिटांनी निघालं. आकाश मोकळं होतं, वारा पाठीमागून. सव्वा तासात नागपूरला गेटवर, वेळेच्या आधी. एअर होस्टेसने ते अभिमानाने जाहीर केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आठ वाजून वीस मिनिटांनी मी आयसीयूच्या दारात होते. फोन आल्यापासून नऊ तास पस्तीस मिनिटं.

शेजारचे काका फोन आल्यापासून चार मिनिटांत आमच्या दारात होते. हे मला नंतर आईने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

बाबा जागे होते. नळ्या, तारा, तो हिरवा गाऊन. मला बघून पहिला प्रश्न काय विचारावा?

'कितीचं पडलं विमान?'

मी रडत रडत आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटले. 'लुटून राहिले लेकाचे.'

आता

आता मी 'दीड तास' म्हणत नाही. कुणी विचारलं तर सांगते: दिवसा पाच तास, रात्री सकाळ. हे वाक्य तितकं भारी वाटत नाही, विरारवाले हसतही नाहीत. पण त्याच्या जोरावर मी काही गोष्टी केल्या आहेत. तुमचंही घर असंच 'दीड तासावर' असेल, मग ते नागपूर असो, इंदूर असो की बंगळुरू, तर एवढं करून टाका.

घरच्या फ्रीजवर एक कागद चिकटवा. त्यावर आपला नंबर सर्वात खाली लिहा. वर शेजारी, मग गाडी चालवणारा जवळचा नातेवाईक, मग दवाखाना, मग ॲम्ब्युलन्सचा १०८. आईबाबांची औषधं, रिपोर्ट, इन्शुरन्सचं कार्ड एका फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल कुठे आहे ते शेजाऱ्यांनाही सांगा. आपल्या मोबाइलमध्ये गावी जाणारं शेवटचं विमान, शेवटची गाडी आणि पहिलं विमान यांच्या वेळा लिहून ठेवा. वेळापत्रकं उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात बदलतात, तेव्हा यादीही बदला. आता नवी मुंबईचा विमानतळही आहे, डिसेंबर २०२५ पासून तिथून उड्डाणं सुरू झाली. तो तुमच्या घरापासून किती लांब आहे ते आधीच बघून ठेवा, रात्री दोनला नको.

आणि शेजारच्या काकांसाठी मुंबईहून काहीतरी घेऊन जा. दर वेळी. मी यंदा माहीमचा हलवा नेला. काकू म्हणाल्या, 'याच्यापेक्षा आमची संत्रा बर्फी बरी.' असो.

जानेवारीत बाबांना सकाळी थोडं फिरवायला सांगितलं होतं. एका रविवारी आम्ही सिव्हिल लाइन्समध्ये झीरो माइलपाशी गेलो. तो इंग्रजांच्या सर्वेक्षणाच्या काळातला दगडी खांब, शेजारी चार घोडे. तो भारताचा अगदी मध्यबिंदू आहे असं आम्हा नागपूरकरांना शाळेपासून वाटतं. तसं तो काही काटेकोर मध्यबिंदू नाही, सर्वेक्षणाची खूण आहे. पण आम्ही ते कुणाला सांगत नाही! खांबाच्या दगडावर गावांची अंतरं कोरली आहेत, मैलांत. हैदराबाद ३१८. जबलपूर १७०. छिंदवाडा ८३.

बाबांनी सावकाश एक फेरी मारली. मग थांबून म्हणाले, 'मुंबई नाही यावर.'

'हो ना,' मी म्हटलं. 'लिहायला हवं होतं.'

'नाही लिहिलं तेच बरं,' बाबा म्हणाले. 'रोज बदलते ते.'

संध्याकाळचं माझं विमान सात वाजताचं होतं. बाबांनी मला चार वाजताच घराबाहेर काढलं.